समुद्रावरची मैना

मी मैना बोलतेय. नाव पाखराचं असलं तरी मी घोडी आहे, पांढरी. धारूर तालुक्यातल्या तेलगावात, रामकिसनच्या गोठ्यात माझा जन्म झाला. माझी आई वरातीची घोडी होती. पुढे मीही तेच केलं. बँडच्या गोंगाटात न बुजता उभं राहायला रामकिसननंच मला शिकवलं. कानाशी तोंड आणून तो म्हणायचा, "मैने, मी हाय ना." तेवढं मला पुरायचं.

मग नवरदेव फुलांनी सजवलेल्या मोटारींतून यायला लागले. लग्नाच्या दिवसांतसुद्धा मी दावणीलाच उभी राहू लागले. तेव्हा कुणीतरी रामकिसनला सांगितलं, कोकणात समुद्रकाठी लोक सुट्टीला येतात, घोड्यावर बसतात. त्यानं मला ट्रकमध्ये चढवलं.

समुद्र पाहिला आणि मला वाटलं, एवढं पाणी! आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी मी. धावत जाऊन तोंड घातलं आणि थू करून मागं सरले. रामकिसन पोट धरून हसला. त्याला तसं हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

तिथं अमरसिंह नावाचा माणूस घोडेस्वारीच्या सहली काढायचा. पाहुणे सुरूच्या बनातून निघायचे, किनाऱ्यावरच्या एका वाळूच्या पुळणीवरून दुसऱ्या पुळणीवर जायचे, मधली खडकाळ टेकडी घोड्यावरूनच चढायचे. जागा फार सुंदर होती, खोटं कशाला बोलू? पण भुसभुशीत वाळूत पाय रुततो. तो ओढून काढताना नसेला ताण बसतो. पाहुणे फोटो काढायचे, माझ्या मानेला गाल लावायचे, आणि उतरल्यावर वळूनही बघायचे नाहीत. त्यांची सुट्टी होती. माझी नव्हती.

दिवाळीनंतर माझा पुढचा उजवा पाय सुजला. रामकिसन मला गुडघाभर पाण्यात उभी करायचा, संध्याकाळी हळद लावून फडकं बांधायचा. एकदा तो अमरसिंहला म्हणाला, "मालक, थोडे दिस हिला बसू द्या."

"गर्दीचे दिवस आहेत, रामकिसन. जमत नसेल तर घरी जा."

घरी जाऊन काय करायचं, हे त्यालाही माहीत नव्हतं अन् मलाही.

दुसऱ्या दिवशी अंजली नावाची पाहुणी माझ्यावर बसली. थोडं पुढं गेल्यावर तिनं लगाम ओढला. "दादा, ही लंगडतेय का हो?"

रामकिसननं आधी पुढं चाललेल्या अमरसिंहकडं पाहिलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "न्हाई ताई, वाळूत अशीच चालती ती. घोडी चांगली हाय."

टेकडीच्या खडकांवर माझ्या पायात काहीतरी तुटलं. मी कोसळले. अंजली बाजूला पडली, तिचा हात खरचटला. ती उठून माझ्यापाशी बसली आणि रडायला लागली. "मी विचारलं होतं ना हो तुम्हाला?" रामकिसन माझं खोगीर सोडवत राहिला. अमरसिंहनं तिच्यासाठी दुसरा घोडा आणवला आणि सहल पुढं गेली.

मला घेऊन गावी परतताना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर ट्रक थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "लंगडी घोडी काहून न्हेतो बे घरी?"

"मंग कुठं न्हेऊ?" एवढंच रामकिसन म्हणाला. त्यानं चहा तसाच टाकला.

घरी जनावरांचे डॉक्टर आले. हिच्यावर आता कुणी बसू नये, हे दुखणं जन्माचं, असं सांगून गेले. रामकिसनची बायको, छबुबाई, माझ्या पायावरून हात फिरवत राहिली. "तुमाला दिसत न्हवतं का हो?" तिनं विचारलं. तो उठून बाहेर गेला. त्यानंतर त्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं नाही. वैरण टाकायचा, पाणी ठेवायचा, पण मान खाली घालून.

यंदा पाऊस ओसरल्यावर तो पुन्हा समुद्रावर गेला. दुसऱ्यांचे घोडे सांभाळायला. जाताना मला नेण्यासाठी, लंगडी-म्हातारी जनावरं विकत घेणाऱ्या एका व्यापाऱ्याला सांगून गेला. काल छबुबाई फोनवर ओरडत होती, "तुमी या, तुमच्या हातानं सोडा तिला. मला न्हाई व्हायचं." पलीकडून तो काय बोलला, मला ऐकू आलं नाही. तिनं फोन ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

तुम्ही समुद्रावर जाल. तिथं कुणी म्हणेल, घोडी चांगली आहे. सांगणाऱ्याचा राग धरू नका, त्याच्याही मागं कुणी उभं असतं. पण चढण्याआधी खाली वाका, पायाला हात लावून बघा. गरम लागला तर चढू नका. तुमचं काय, एक दिवस वाळूतून चालाल.

गल्लीच्या तोंडाशी त्या व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन उभा आहे. छबुबाईनं भिजवलेले हरभरे पाटीत आणलेत, गूळ घालून. ती माझ्याकडं बघत नाही, पाटी मात्र घट्ट धरून उभी आहे. मी खातेय. मी सावकाश खातेय.