दोन परवान्यांचा ट्रक

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. माझा मूळचा निळा रंग आता फक्त बिजागऱ्यांपाशी उरला आहे. कॅलिफोर्नियातल्या बदामाच्या बागांत माझी उमेदीची वर्षं गेली. माझे पहिले मालक एपिफानियो. माणूस कष्टाळू, पण हात फार लवकर उठायचा. मुकादम डाफरला की राग माझ्या डॅशबोर्डवर निघे, आणि तेवढ्याने भागलं नाही तर थोरल्या मुलाच्या, रिगोच्या पाठीवर. मार खाल्ला की रिगो माझ्या हौद्यात लपे आणि धाकट्या बहिणीला, सितलालीला सांगे, "मी मोठा झालो ना, की कुणावर हात नाही उचलणार. बघच तू."

एपिफानियो वारले. रिगोने शाळा सोडली आणि बदामाच्या कारखान्यात पोती उचलू लागला. सितलाली विद्यापीठात गेली, घरातली पहिलीच. विद्यापीठाचा पार्किंगचा परवाना रिगोने स्वतः माझ्या काचेवर चिकटवला. त्याआधी काच तीनदा पुसली. मलाही अभिमान वाटला, खोटं का बोलू?

पण चारशे मुलांच्या त्या वर्गात सितलाली रसायनशास्त्रात नापास झाली. मग पुष्कळ मुलं करतात तेच तिने केलं. विद्यापीठ न सोडता तेवढा एक विषय उन्हाळ्यात गावातल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कुणालाही प्रवेश देणाऱ्या दोन वर्षांच्या छोट्या सरकारी कॉलेजात घेतला. तिथे वर्गात तीसच जण. किमान 'सी' ग्रेड मिळाला की विद्यापीठ तो विषय सुटल्याचं धरणार होतं; नाहीतर पदवी लटकली. तशी मंजुरी तिने आधीच घेतली, कागद माझ्या पुढच्या कप्प्यात ठेवला आणि कॉलेजचा दुसरा परवाना आरशाला टांगला. रिगोला मात्र काही सांगितलं नाही. तिच्यासाठी पोती उचलणाऱ्याला नापास झाले हे कोणत्या तोंडाने सांगणार?

शेवटच्या पेपरच्या दुपारी ती माझ्यात बसून उजळणी करत होती. रस्त्याने जाणाऱ्या रिगोने मला कॉलेजच्या आवारात पाहिलं. तो आला आणि त्याने आरशाचा परवाना हिसकला.

"हाकललं ना तुला विद्यापीठातून?"

"नाही रे दादा! एकच विषय आहे इथं. कागद दाखवते, थांब!"

"थापा मारू नकोस! गावभर सांगत फिरतोय मी, बहीण विद्यापीठात आहे म्हणून. येडा बनवलंस मला!"

माझ्याच हौद्यातला चाकाचा लोखंडी पाना त्याने उचलला. पहिला घाव काचेवर, त्याने स्वतः चिकटवलेल्या परवान्यावरच बसला. मग दिवे फुटले, दार चेपलं, बॉनेट खचलं. सितलालीच्या केसांत काचा होत्या. कागद घेऊन ती खाली उतरली, धावत पुढे आली आणि तिने बॉनेटवर हात ठेवला. "दादा, बास!"

पाना खाली येत होता, तो थांबला नाही. तिच्या उजव्या करंगळीचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

ती किंचाळली. मग गळ्यातला रुमाल हाताला गुंडाळला, रक्ताने माखलेला कागद रिगोपुढे टाकला आणि म्हणाली, "पेपरला दहा मिनिटं आहेत." आणि ती गेली. रिगोने तो कागद अक्षर अक्षर लावून वाचला. विद्यापीठाचं नाव, बहिणीचं नाव, विषय, आणि खाली 'मंजूर'. तो माझ्या चाकाशी मटकन बसला. "बाबाच निघालो मी," एवढंच म्हणाला.

दोन तासांनी, पेपर संपल्यावर, तो तिला माझ्यातूनच दवाखान्यात घेऊन गेला. पुढे काच नव्हती.

सितलालीला 'सी' मिळाला, पदवीही मिळाली. ती त्या घरात पुन्हा राहायला गेली नाही. आणि मी? त्याच कॉलेजच्या गाडीदुरुस्तीच्या वर्गात उभा आहे. रिगोने तिथे नाव घातलंय. दर शनिवारी तो स्वतः पाडलेले पोचे हलक्या हातोडीने एकेक करून काढतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गाड्यांना जपा, असं मी सांगणार होतो. पण त्याआधी हे ऐका. समोरचं माणूस कागद दाखवतंय ना, मग हात खाली घ्या आणि कागद वाचा.

मागच्या शनिवारी सितलाली आली होती. तिने माझ्या बॉनेटवरून हात फिरवला.

"छान सरळ केलंस रे," ती म्हणाली.

रिगो तिच्या हाताकडे बघत होता. चार बोटं पत्र्याला टेकली होती. करंगळी काही टेकत नव्हती.