वेस्टरहोकचे फेरफार

नेदरलँड्सच्या एका बास्केटबॉल क्लबाने माझ्या मुलीला खेळायला बोलावलं, हे ऐकून मला आधी आनंद झाला नाही, संशय आला. खोटं कशाला बोलू? चौतीस वर्षं तलाठी होतो. मलकापूरपासून गारगोटीपर्यंत असं एक गाव नसेल, जिथे मला कुणी गंडवायला बघितलं नाही. मेलेल्या माणसांचे ताजे अंगठे पाहिलेत मी.

राजनंदिनी बावीस वर्षांची, उंची सहा फूट एक इंच. तिचे कोच कृष्णात सर यांनी तिच्या सामन्यांचे व्हिडिओ तिकडे पाठवले होते. वेस्टरहोक नावाच्या गावातल्या त्या क्लबाने आपल्या मुलींच्या संघात तिला एका हंगामासाठी जागा देऊ केली. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"आबा, तुमी व्हय म्हटलासा तरच मी जातो," ती म्हणाली. आमच्याकडच्या मुली जातो-येतोच बोलतात.

"थांब. आदी कागद बघू," मी म्हणालो.

तिने क्लबाचा इतिहास मराठीत करून, छापून माझ्या हातात दिला. चार पानं होती. मी चष्मा लावून बसलो आणि दुसऱ्याच पानावर माझं टाळकं सरकलं. १९६१ साली शाळेच्या व्यायामशाळेत क्लब निघाला तेव्हा त्याचं नाव हाउटमोलेन. १९७३ ला तो एका दूध कंपनीच्या नावाचा झाला. मग रंगाच्या कंपनीचा. मग गाद्यांच्या कंपनीचा, आणि ह्या गादीवाल्यांनी म्हणे देशाचं अजिंक्यपद दोनदा मारलं. त्यानंतर सायकलच्या कुलपांची कंपनी. असं करत करत सात नावं. २०११ सालाची तर नोंदच नाही, आणि २०१२ ला नवीन नाव लावून गडी पुन्हा हजर.

आमच्या कोल्हापुरात एखाद्या तालमीचं नाव बदलायचं म्हटलं तर अख्खी पेठ रस्त्यावर येईल. सात नावं लावून फिरणारा माणूस माझ्या दारात आला असता तर मी त्याला पाणी विचारायच्या आधी पोलीस पाटलाला निरोप धाडला असता.

"तिकडं प्रायोजक बदलला की नाव बदलत्यात," राजनंदिनी म्हणाली. "लई क्लबांचं तसंच हाय."

"बदलू देत की. पण फेरफार कुठं हाय?"

जमिनीवर एक नाव जाऊन दुसरं आलं, की ते का आणि कशाच्या आधारे आलं याची नोंद फेरफाराच्या वहीत लागते. त्या नोंदीशिवाय मी आमदाराच्या मेव्हण्याचंही नाव चढवलं नव्हतं. मी फुलस्केप कागदावर रकाने आखले. साल, जुनं नाव, नवं नाव, कारण, पुरावा. शेवटचे दोन रकाने वरपासून खालपर्यंत कोरे राहिले.

मग कृष्णात सरांना फोन लावला. "पोरगी खरंच एवढी खेळती का, का ह्यात दुसरी काय भानगड हाय?"

"साहेब, एकदा येऊन बघा की," सर एवढंच म्हणाले. मला वाटलं, गडी उत्तर टाळतोय. मी त्यांनाही संशयितांत धरलं.

तीन तारखेला मी मुलीला न सांगता क्लबाला ईमेल पाठवला. माझ्या सरकारी इंग्रजीत, क्रमांक घालून पाच प्रश्न. चार प्रश्न नावांचे, जागेचे आणि त्या गायब वर्षाचे. पाचवा असा: 'दोन्ही देशांत एवढ्या चांगल्या खेळाडू असताना याच मुलीत असे काय दिसले? खरा हेतू कळवावा.' तो लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश झालो. नेमक्या जागी बोट ठेवलं असं वाटलं.

दोन आठवडे उत्तर नाही. मी घरात दोनदा म्हणून घेतलं की बघा, बोललो नव्हतो का. राजनंदिनीने आठवडाभर त्या क्लबाचं नावही काढलं नव्हतं, आणि मी समजलो की फसवणूक तिच्याही ध्यानात आली असणार.

वीस तारखेला उत्तर आलं. लिहिणारे गृहस्थ येल्ते, वय ब्याऐंशी, क्लबाचं जुनं दप्तर सांभाळणारे. त्यांनी प्रत्येक नावामागचा करार, सभेचा ठराव आणि वर्तमानपत्राचं कात्रण जोडलं होतं. २०११ चंही सांगितलं होतं. कंपनीने हात काढून घेतला, संघ मोडला, लीगमधून नाव गेलं. पण लहान मुलांचा बुधवारचा सराव ह्या माणसाने बंद पडू दिला नाही. त्या वर्षाची हजेरी त्यांनी पाठवली होती, हाताने लिहिलेली, बावन्न बुधवारांची. एका बुधवारी लिहिलं होतं, आज दोघंच आली. एका बुधवारी, बर्फ, कुणी नाही, मी होतो.

त्या ओळीपाशी माझे डोळे भरले. कागदावर नाव कुणाचंही असो, जमीन जो कसतो त्याची वहिवाट. इथे ती एक आठवडाही तुटली नव्हती. माझ्या अख्ख्या नोकरीत असं चोख दप्तर मला कुणी दाखवलं नाही. पाचव्या प्रश्नाचं उत्तर तेवढं नव्हतं, पण म्हातारा विसरला असेल म्हणून मी सोडून दिलं.

कागद छापून घेतले आणि तसाच राजारामपुरीतल्या बास्केटबॉलच्या मैदानावर गेलो. राजनंदिनी बुटाची नाडी बांधत होती.

"क्लब खरा हाय," मी म्हणालो. "सगळं तपासलं. आता व्हय म्हणून कळवून टाक."

तिने कागद हातात घेतले नाहीत. "मी न्हाय म्हणून कळवलंय, आबा. बारा दिवस झालं."

"का?"

"त्यांनी तुमचा ईमेल मला धाडला. हे तुझं वडीलच हायत का, उत्तर द्यायचं का म्हणून इचारलं." ती दुसऱ्या बुटाकडे वळली. "मी म्हटलं, वडीलच हायत, सगळं कागद धाडा, न्हायतर त्यांस्नी झोप लागायची न्हाय. पाचव्याचं उत्तर नका देऊ म्हटलं. घरचीच माणसं इचारत्यात हिच्यात काय हाय म्हणून, मग तिथं कुठल्या तोंडानं जाऊ?"

"मी आजच लिहितो त्यांना. माझी चूक झाली म्हणून लिहितो."

"जागा भरली. दुसरी पोरगी घेतली त्यांनी." तिने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "धा मिन्टात मॅच हाय. आलायसा तर बसा की."

मी पायरीवर बसलो. ती नऊ वर्षं खेळत होती आणि मी पहिल्यांदा बघायला आलो होतो. खेळ सुरू झाला, तिने लांबून बॉल टाकला, तो जाळीतून खाली आला आणि माणसं ओरडली. त्या क्लबाचा साठ वर्षांचा इतिहास मला तोंडपाठ होता, पण माझ्या मुलीला आता दोन गुण मिळाले की तीन, ते मला कळलं नाही. शेजारच्याला विचारायची मला लाज वाटली.