बारीक धार

दुरुस्तीला आलेल्या तुर्सुनने बॉयलरखालच्या नळीचा चाप उपसला आणि नळीत अडकलेलं पाणी भसकन त्याच्या बाहीवर आलं. अक्मारलने कुणी न सांगता खाली परात सरकवली आणि ती पुन्हा भिंतीला लागून उभी राहिली.

"सून चलाख आहे हो तुमची, ताई," तुर्सुन म्हणाला.

"चलाख आहे, पण तोंडात जीभ नाही," कुल्याश म्हणाली.

तिचा मुलगा नुरकेन लग्नानंतर महिनाभरात तेलविहिरींवरच्या कामावर परतला होता. तराज शहरातल्या त्या घरात सासू आणि सून, दोघीच उरल्या होत्या. अंगणात बर्फ साचलेला, आणि सकाळपासून काही केल्या गरम पाणी येत नव्हतं.

तुर्सुनने अंगठ्याएवढा सेन्सर काढून उजेडात धरला. आतली इवलीशी भिंगरी क्षारानं पांढरी झाली होती. त्याने बोटानं ढकलून पाहिली, हलली नाही.

"हा बघा चोर. नळ सोडला की पाणी ही भिंगरी फिरवतं. ती फिरली की बॉयलरला कळतं, कुणीतरी गरम पाणी मागतंय. तेव्हा तो पेटतो."

त्याने ती लिंबूसताच्या पाण्यात टाकली. बारीक बुडबुडे येऊ लागले.

"पण कालपर्यंत तर मला कडकडीत मिळत होतं."

"तुम्ही नळ धो धो सोडत असाल. जोर लागला की कशीबशी फिरत असेल. बारीक सोडला असतात तर नुसतं बर्फाचं पाणी. हे दुखणं पानगळीपासूनचं आहे."

"म्हणजे उधळी होते म्हणून वाचले मी!"

कुल्याश हसत सुनेकडे वळली. अक्मारल हात बाह्यांत ओढून घेत होती. बोटांची पेरं लाल, भेगाळलेली. कुल्याशने ती रोजच पाहिली होती. कोरड्या वाऱ्यानं फुटली असतील, असं समजून सोडून दिलं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात भांडी विसळणाऱ्या या पोरीला ती म्हणाली होती, 'नळ आहे हो, कालवा नाही.' पाहुण्या बायका तेव्हा खळखळून हसल्या होत्या.

"कधीपासून गार पाण्यात हात घालतेयस?"

अक्मारलने बाह्या आणखी खाली ओढल्या.

"अगं, मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही सोडलात की गरम यायचं, आई. मी बारीक सोडला की गारच. मला वाटलं..." ती थांबली. "मला वाटलं, माझ्यापुरतं तुम्हीच बंद ठेवलंय. या घरात सुनेला असंच असेल."

तुर्सुन पिशवीत पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.

घासलेली भिंगरी आत बसली, नळ्या जोडल्या गेल्या. तुर्सुनने नळ जरासाच सोडला. बॉयलर फुरफुरत पेटला.

चहापाण्यासाठी दस्तरखानाचं कापड अंथरलं गेलं. अक्मारलने सवयीनं चहाच्या किटलीला हात घातला. कुल्याशने ती तिच्या हातून काढून घेतली.

"बस."

"आई, पाहुण्यांसमोर—"

"बस म्हटलं ना."

तिने तुर्सुनला वाटीत चहा दिला. मग दुसरी वाटी घेतली, दूध घातलं, आणि चहा अर्ध्यावरच थांबवला. ज्याला लवकर उठू द्यायचं नसतं, त्याची वाटी इथं कुणी काठोकाठ भरत नाही; थोडी थोडी, पुन्हा पुन्हा भरतात. ती वाटी तिने दोन्ही हातांनी सुनेपुढे धरली.

अक्मारलने ती ओंजळीत घेतली. कितीतरी वेळ नुसती धरून बसली. मग हळूहळू प्यायली, आणि रिकामी वाटी स्वतःहून सासूपुढे केली.