चौथी पट्टी

सात दशांश मिलिमीटर म्हणजे फार नव्हे. तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली, की साधारण तेवढी जाडी होते. पण एवढ्याशा फटीवर गाडीचा जोर अवलंबून असतो, आणि ती फट मोजण्याचं काम माझं. मित्रांनो, मी एक जुना फीलर गेज आहे. एका स्क्रूवर पंख्यासारख्या उघडणाऱ्या तेरा पोलादी पट्ट्या, आणि प्रत्येकीवर तिच्या जाडीचा कोरलेला आकडा.

कारखान्यात जी पट्टी केसभर चुकली, ती भंगारात गेली. मी कसोटीला उतरलो आणि एका मेस्त्रींच्या खिशात आलो. स्पार्क प्लगच्या दोन टोकांमध्ये माझी पट्टी किंचित अडत सरकली, की फट बरोबर. तीस वर्षं त्या गॅरेजात मी म्हणेन ती पूर्व दिशा होती.

मग मेस्त्रींची मुलगी शिकून कामाला आली आणि तिच्याबरोबर गाडीचा बिघाड पडद्यावर दाखवणारा स्कॅनर आला. मी खणात गंजत पडलो. पण एके दिवशी तिनेच मला बाहेर काढलं, स्क्रू सोडवून तेराही पट्ट्या घासल्या, तेल लावून पुन्हा ओवल्या. मी लखलखलो. मेस्त्रींनी मला पुन्हा खिशात टाकलं.

त्यांचं एक गुपित मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी चढावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता. मेस्त्री ऑपरेशनला प्रत्येक वेळी "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत. लोकांना कळलं तर गाड्या कोण देईल, ही धास्ती. माझे आकडे ते वाचत नव्हते, पट्ट्या अंगठ्याने मोजत होते.

पंधरवड्याने दवाखान्यातल्या नर्सबाई तक्रार घेऊन आल्या. "मेस्त्री, तुम्ही नवे प्लग घातलेत आणि माझी गाडी रुसली की हो! सपाटीला छान पळते, दवाखान्याचा चढ लागला की आचके देते. काल एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं!"

"एखाद्या प्लगला वीज देणारी कॉइल गेली असेल," मेस्त्री म्हणाले.

मुलीने स्कॅनर लावला. "चारही सिलिंडर अधूनमधून हुकतायत, बाबा. चार कॉइल काय ठरवून जातील?"

तिने टर्बोचे पाइप तपासले. हवा कुठेच गळत नव्हती. मग तिने प्लग काढले आणि हात पुढे केला. "गेज द्या."

माझी ०.७ची पट्टी त्या फटीत नुसती लोंबकळली. ०.८ सैल, ०.९ सैल. १.०ची मात्र चपखल बसली, चारही प्लगांना. चढावर जोर लागला की टर्बो इंजिनात जास्त हवा दाबून भरतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगीला लांब उडी मारता येत नाही. म्हणून गाडी चढावरच हुकत होती. ती हुकते हे स्कॅनरने सांगितलं, का हुकते ते मी सांगितलं. हा अभिमान मी लपवणार नाही.

"बाबा, कोणती पट्टी वापरलीत?"

"जाड बाजूने चौथी. तीस वर्षं तीच आहे."

मुलगी थबकली. "पुसल्यावर ओवताना मी क्रम पाहिलाच नाही. म्हटलं, आकडा तर आहे प्रत्येकीवर." आता चौथ्या जागी आलेली पट्टी तिने त्यांच्यापुढे धरली. "हा आकडा वाचा बरं."

मेस्त्रींनी मला जवळ आणलं, लांब धरलं, उजेडाकडे वळवलं. "चष्मा घरी राहिला," ते म्हणाले.

"डोक्यावर आहे," नर्सबाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. मुलीने माझा स्क्रू सोडवला, पट्ट्या क्रमाने लावल्या आणि चारही प्लग ०.७वर आणले. मित्रांनो, अवजारं पुसून, तेल लावून जरूर ठेवा. पण ती धरणाऱ्या हातांनाही कधी विचारा, नीट दिसतंय ना?

मग तिघं गाडीत बसले. मी मेस्त्रींच्या खिशात. मुलीने चढाला पाय दाबला. एकही आचका नाही. गाडीने सायकलवाल्याला, टेम्पोला मागे टाकलं आणि दवाखान्याच्या फाटकाशीच दम घेतला.

"झकास!" नर्सबाई म्हणाल्या. मुलगी गाडी वळवू लागली.

मेस्त्रींनी खिशात मला घट्ट धरलं होतं.

"वळवू नकोस," ते म्हणाले. "आत घे. ऑपरेशनची तारीख घेऊनच जाऊ."