रिकाम्या खोलीतली चकती

मी एक जुना मीटर आहे, मित्रांनो. विजेचा. हल्लीच्या लाल दिवा मिचकावणाऱ्या पोरट्यांसारखा नाही, माझ्या पोटात काचेमागे खरीखुरी चकती आहे. तरुणपणी ती अशी गरगर फिरायची, की तिच्याकडे टक लावून बसलेली पाल चक्कर येऊन धपकन खाली पडली. खोटं वाटतं? पालीला विचारा.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला, तो आठवत नाही. आठवतं ते देवासचं माईंचं घर. माईंनी मागची खोली भगवंतकाकांना भाड्याने दिली होती. काका धारचे. खरादावर, म्हणजे लाकूड फिरवून तासायच्या मशीनवर, लाटणी करायचे. लाईटबिल साऱ्या घराचं मिळून एकच यायचं. त्यात काकांचा वाटा किती, ते सांगायला मला त्या खोलीत भिंतीवर ठोकलं.

बिल आलं की माई चष्मा लावून यायच्या. काका स्टुलावर चढून माझे आकडे मोठ्याने वाचायचे.

"नीट वाच हो भगवंता, फसवशील मला!"

"माई, तुम्हाला फसवणारा अजून जन्मायचाय."

मग चहा व्हायचा. खंडेनवमीला खरादाची पूजा झाली की मलाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळायचं. "हा आपला पंच," माई म्हणायच्या, "कोणाची बाजू घेत नाही." माझी छाती अशी फुगायची, की भिंतीतले खिळे ढिले व्हायचे.

मग माईंच्या मुलाने, धीरजने, स्वयंपाकघर मागे वाढवलं, थेट आमच्या खोलीला चिकटवून. सुनेने, अल्पनाने, भलामोठा फ्रिज आणला. वायरमन घाईत होता. त्याने भिंतीला भोक पाडलं, फ्रिजचा पॉइंट काकांच्या वायरीला जोडला आणि वरून प्लास्टर करून टाकलं. कोणालाच कळलं नाही. कळलं फक्त मला. तिकडे फ्रिज घरघरायचा, इकडे चकती माझी फिरायची.

उन्हाळ्यात माई त्याच फ्रिजमधलं गार पाणी काकांना आणून द्यायच्या. "पी रे, फुकटचं आहे!" काका हसून प्यायचे. त्या पाण्याची वीज त्यांच्याच नावावर चढत होती, आणि मला तोंड नव्हतं.

एकदा काका भाचीच्या लग्नाला धारला गेले. खोलीला कुलूप. परत येऊन बघतात तर आकडे पुढे गेलेले.

"मशीन बंद होती रे धीरज," काका म्हणाले. "मग मीटर कशाने फिरला?"

"काका, किल्ली कोणाजवळ होती?"

"माझ्या करदोट्याला."

"मग काय भूत येऊन लाटणी करून गेलं? मीटर थोडी झूठ बोलतो! मधेच गुपचूप येऊन काम करून राहिलात, अन् बिलाच्या वेळी बंद होतं म्हणता. ही तर चोरीच झाली!"

काकांनी माईंकडे पाहिलं. माईंनी माझ्याकडे पाहिलं. खोलीतला पंखा चालू होता, म्हणून चकती फिरतेय याचं कोणाला नवल वाटलं नाही. माई काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी खराद लोडिंग रिक्षात चढला आणि काका गेले.

खंडेनवमी आली. माई सवयीने ताट घेऊन रिकाम्या खोलीत आल्या. मला फूल वाहायला हात वर केला आणि तसाच राहिला.

"अगो बाई! हा मेला कोणासाठी फिरतोय?"

धीरज धावत आला. त्याने घरातला पंखा बंद केला, मोटर बंद केली, तरी मी फिरतोच आहे. शेवटी फ्रिजचा प्लग ओढला, तशी माझी चकती थांबली. धीरज प्लग हातात धरून प्लास्टर केलेल्या भिंतीकडे बघत राहिला.

माईंनी मला उतरवून घेतलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पिशवीत घालून धारची बस धरली. कंडक्टरने विचारलं, "अम्मा, थैली में क्या है?"

"मुजरिम है भिया. इसका टिकट मत काटना."

धारला काका दारातच बसले होते. हातांवर लाकडाचा भुसा नव्हता. माईंनी मला त्यांच्यापुढे ठेवलं.

"जोडणी चुकली होती भगवंता. फ्रिज तुझ्या वायरीवर होता. तू खरा होतास. चल परत, खोली तशीच ठेवली आहे."

"खराद विकला, माई. चोरीची गोष्ट माझ्याआधी धारला पोचली. कोणी जागा देईना."

काकांनी माझ्या काचेवरची धूळ बोटाने पुसली.

"याला काय म्हणू? हा मुका. पण माई, त्या दिवशी तुम्ही तरी एक शब्द बोलायचा होता."

मग ते आत गेले आणि तांब्या घेऊन आले. "पाणी घ्या. माठाचं आहे."

माई ते सगळं पाणी प्यायल्या. मग मला पुन्हा पिशवीत घालून त्यांनी परतीची बस धरली.

मित्रांनो, मी आता त्याच खोलीत कोनाड्यात पडून आहे, वायर तुटलेला. माझं एवढं ऐका. मीटर खोटं बोलत नाही, पण त्याला सगळं खरंही सांगता येत नाही. कोणाला चोर म्हणण्याआधी वायर शेवटपर्यंत तपासा. आणि आपल्या माणसावर आळ आला, तर भिंतीकडे बघू नका. त्याच्याकडे बघा, आणि बोला.

खराद होता तिथे जमिनीत बोल्टांची भोकं अजून आहेत. खंडेनवमीला माई खाली वाकून तिथे झेंडूचं फूल ठेवतात. मला आता वाहत नाहीत.