सावलीवर उघडणारी फळी

डोंगरातून येणारा पाट गावच्या खजूरबागांना पाळीने मिळे. पाळी ठरवायची ती मोकळ्या जागेतली लोखंडी काठी. तिची सावली एका दगडावरून पुढच्या दगडावर सरकली की एकाचं पाणी बंद, दुसऱ्याचं सुरू. चाळीस वर्षं ती सावली रय्याचे वडील वाचत होते. ते वारले, दुखवट्याची तीन दिवसांची बैठक उठली, आणि काठी उपटून घड्याळवाला माणूस नेमायचं गावात ठरलं. काठी राहू देऊन बघायला रय्याने आठ दिवस मागून घेतले.

निझवा शहरातल्या वर्गात ती नुकतीच छोट्या मोटरी फिरवायला शिकली होती. तिने प्रत्येक दगडात उजेड ओळखणारा सेन्सर बसवला. दगड काळवंडला की त्या बागेचं पाणी अडवणारी फळी मोटरने वर उचलली जाई, उजळला की खाली पडे. पाच दिवस सावली बाबांच्या चालीने, घाई न करता, दगडामागून दगड ओलांडत राहिली. पाणी झोपेतल्या माणसासारखं कूस बदलून एका बागेतून दुसरीत जाई. रय्या जवळ बसून नुसतं ऐकायची.

सहाव्या दिवशी डोंगरावरून ढग उतरला. सगळे दगड एकदम काळवंडले, सगळ्या फळ्या एकदम उघडल्या.

"पोरी, लग्नाचं जेवण आहे का? सगळे एकदम बसले!" आपल्या पाळीचं पाणी दहा बागांत वाटलं जाताना बघून हमूदकाका ओरडले. "तुझा बाप डोळे मिटूनसुद्धा एवढा चुकला नसता."

"माहीत आहे, काका."

तिने फळ्या हाताने पाडल्या आणि लॅपटॉप घेऊन दगडांत बसली. एकच दगड काळा आणि शेजारचे दोन उजळ, तर ती सावली. सगळेच काळे, तर ढग. एवढं लिहून झालं. पण ढगात करायचं काय? बाबा ढगात फळीवर हात ठेवून उभे राहत, आणि केव्हातरी ती उचलत. कशावरून उचलत, हे तिने कधी विचारलं नव्हतं. मग तिने एक छोटा भोंगा जोडला आणि लिहिलं: ढग असेल तर काही हलवू नकोस, शीळ घाल.

"शीळ कशाला?" काकांनी विचारलं.

"कुणीतरी यावं म्हणून."

"कोण येणार आता?"

"मी."

आठव्या दिवशी दुपारी शीळ वाजली. रय्या धावत आली. काका आधीच उभे होते, मागे पाच-सहाजण.

"सुरू झाली माझी पाळी?"

तिने फळीवर हात ठेवला. खाली पाणी धडधडत होतं. "नाही. थोडं आहे अजून."

काका पाटाच्या काठावर टेकले. इतरही बसले. खजुरांच्या झावळ्या हलत होत्या. रय्याने डोळे मिटले, वाट पाहिली, आणि फळी उचलली.

"आता."

पाणी काकांच्या बागेकडे वळलं. पुढे ऊन परत आलं, तेव्हा सावली कुठल्या दगडावर आहे हे बघायला कुणी मागे वळलं नाही.