मेंढ्याचा कौल

तामितच्या घरचं लिलीचं तेल म्हणजे जेदेत शहराचा अभिमान. हिंगणबेटाच्या बियांच्या तेलात ताजी फुलं पुन्हा पुन्हा मुरवायची आणि बोळ, तो सुगंधी डिंक, घालायचा तो अगदी शेवटी, कारण शेवटी जे पडतं तेच नाकाला आधी भेटतं. हे तिला आईने शिकवलं आणि आईला तिच्या आईने. मेंढादेवाच्या मूर्तीला वर्षाच्या सणाला याच घरचं तेल लागायचं. त्यामुळे यंदा परीक्षा होईल, लायकोनचंही तेल ठेवायचं, असा देवळाचा निरोप आला तेव्हा तामितला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

हा लायकोन समुद्रापलीकडून आलेला ग्रीक. माणूस गोडबोल्या. देवळाच्या वाटेवर, तामितच्या घराअलीकडे त्याने गुलाबाच्या तेलाचं दुकान थाटलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो हाक मारायचा, पोराबाळांची चौकशी करायचा आणि मनगटावर फुकट गुलाब चोळायचा. फुकट म्हटल्यावर लोक दोन्ही हात पुढे करायचे. नेमकी तेव्हापासूनच तामितची गिऱ्हाइकं नाक मुरडू लागली. यंदा तेलाला वासच नाही, म्हणायची आणि रिकाम्या हाती परत जायची.

तामितचं जेवणावरचं लक्ष उडालं. बोळ लवकर पडला का? फुलं शिळी निघाली का? तिने सगळा घाट पहिल्यापासून घातला, तरी लोकांचं रडगाणं तेच.

एका दुपारी तिचा नवरा पाखार मागच्या वाटेने, नदीकडून, फुलांचा भारा घेऊन आला आणि दारातच थांबला.

"काय सुरेख उतरलंय गं. पार घाटापर्यंत वास येतोय."

"माझं मन राखायला खोटं बोलू नका. सगळं गाव म्हणतंय, वास नाही."

"मग गावाच्या नाकाला काहीतरी झालंय," पाखार म्हणाला. त्याने भारा टाकला आणि तडक लायकोनच्या दुकानावर गेला. दोन्ही मनगटांवर गुलाब चोळून घेऊन तो परत आला आणि तामितच्या बरणीत नाक खुपसून कितीतरी वेळ उभा राहिला.

"आता नुसतं पाणी वाटतंय," तो हळूच म्हणाला.

तामितला आधी राग आला आणि मग इतकं हलकं वाटलं, की ती तिथेच फुलांच्या भाऱ्यावर बसून हसत सुटली. तेल बिघडलं नव्हतं. आईचा हात तिच्या हातातून गेला नव्हता.

पण सणाच्या दिवशी ते हसू मावळलं. लायकोन सकाळपासून देवळाच्या दारात उभा. पुजारी, गाणाऱ्या बायका, ढोलवाले, देवाच्या मेंढ्याचा रखवालदार, कुणालाही त्याने सोडलं नाही. उत्साहाच्या भरात मेंढ्याचं दावंसुद्धा त्याने गुलाबाने माखलं. तामित आली तसा तो लगबगीने पुढे झाला.

"आणा ताई, हात आणा."

"माझ्या हाताला माझा वास पुरे," तामित म्हणाली.

परीक्षा करणार होती थोरल्या पुजाऱ्याची आई, नितोक. हिच्या नाकावर कधी माशी बसायची नाही, आणि आज त्याच नाकाने ती आपली मनगटं हुंगत खुशीत बसली होती. तामितने तिला हात जोडून सांगितलं, की आधी हात धुवा, मग पारख करा. म्हातारी उसळली. हरायची एवढी भीती वाटते का, म्हणाली. तामित मागे सरली. कुणी कुणाला प्रेमाने तेल लावलं, त्याची तक्रार करायची तरी कशी?

नितोकने तामितचं वाडगं हुंगलं, पुन्हा हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि बाजूला सारलं. लायकोनचं तेल ठरलं. तामित आपलं वाडगं उचलून कोपऱ्यात जाऊन बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला काय सांगू, एवढंच तिच्या मनात येत राहिलं, आणि आई तर केव्हाच वाळूखाली निजलेली.

आता उरला होता फक्त कौल. ठरलेलं तेल देवाच्या मेंढ्यापुढे धरायचं. त्याने वाडग्याला तोंड लावलं की देवाने घेतलं. मेंढा कधी अडला नव्हता, त्यामुळे या रीतीचं कुणाला काही वाटत नसे. लायकोन वाडगं घेऊन ऐटीत पुढे झाला.

मेंढ्याने वाडगं हुंगलं. मग रखवालदार हुंगला, दावं हुंगलं, पुजाऱ्याचं धोतर हुंगलं. जिकडेतिकडे गुलाबच. अति तिथे माती म्हणतात ते उगाच नाही. मेंढ्याने एक सणसणीत शिंक दिली, लायकोनकडे पाठ फिरवली आणि दाव्यासकट रखवालदाराला ओढत निघाला तो थेट कोपऱ्यातल्या तामितपाशी. सबंध अंगणात गुलाबाचा वास नसलेली ती एकटीच होती. तिच्या मांडीवरच्या वाडग्यात त्याने शिंगांपर्यंत तोंड बुडवलं आणि वर काढून असं झटकलं, की लिलीच्या तेलाचे शिंतोडे सगळ्यांच्या अंगावर उडाले.

एक चांगला मोठा शिंतोडा नितोकच्या नाकाखाली बसला. म्हातारी दचकली, थांबली, मग तिने लांब श्वास घेतला.

"अगं बाई," ती म्हणाली, "हा वास सकाळपासून होता कुठे?"

अंगणात एकच हशा पिकला. ढोल वाजू लागले. तेलाने निथळणारा मेंढा मिरवत सगळीकडे फिरला आणि तो जाईल तिथे लिली दरवळली. पाखार तर मेंढ्याच्या मागोमाग नाचत सुटला.

लायकोन भरलं वाडगं हातात घेऊन एका बाजूला उभा होता. तामितने हात पुसले आणि त्याच्यासमोर जाऊन मनगट पुढे केलं.

"आता लावा. माझं काम झालं."

त्याने खाली मान घालून थेंबभर तेल चोळलं. तामितने डोळे मिटून मनगट हुंगलं, सावकाश, हुंगण्यात जन्म गेलेल्या बाईने हुंगावं तसं.

"एवढा चांगला वास आहे हो तुमचा," ती म्हणाली. "मग दुसऱ्याचा मारायला कशाला निघालात?"